शंभर झाल्यावर दुकान बंद

“वाजवू नका हं. अशीच पिशवीत ठेवा. भाव चढतोय.”

ब्रिस्टलमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये जुन्या रेकॉर्ड्सचा बाजार भरला होता. बाहेर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास, लांबलचक टेबलांवर ओळीने मांडलेली खोकी आणि खोक्यातली एकेक रेकॉर्ड पुढे ढकलत जाणाऱ्या बोटांचा टप टप टप असा एकसुरी आवाज. माझ्या शेजारी विशीतला एक पोरगा उभा होता. त्याच्या हातात एक सात इंची छोटी रेकॉर्ड होती. पातळ प्लास्टिकची पिशवी, आत घडी घातलेल्या कागदाचं कव्हर. टेबलामागच्या गृहस्थांनी त्याला हा सल्ला दिला तो अगदी आपुलकीने. पोराने किमतीचं स्टिकर पाहिलं, मोबाइल काढून कव्हरचा फोटो घेतला आणि रेकॉर्ड होती तिथे परत सारली. तो पुढच्या टेबलाकडे गेल्यावर मी ती उचलून पाहिली. सारा रेकॉर्ड्स, ब्रिस्टलच्याच एका छोट्या कंपनीची. किंमत म्हणाल तर आमच्या घरच्या आठवड्याच्या दूध-भाजीएवढी.

त्या गृहस्थांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्यांचा तो धंदा आहे, आणि पावसापाण्याचं ओझी वाहून आणून टेबल लावायचं तर चार पैसे सुटायलाच हवेत. पण तो प्रसंग डोक्यातून जाईना. अशाच एखाद्या पोराला खिशातल्या सुट्ट्या पैशांत घेता यावी, घरी नेऊन झिजेपर्यंत वाजवता यावी, एवढ्यासाठी तर ती रेकॉर्ड निघाली होती. तिच्या किमतीवर ती काढणाऱ्यांनी जेवढा विचार केला, जेवढा हट्ट धरला, तेवढा त्या काळात क्वचितच कुणी धरला असेल. आणि आता तिची किंमत हीच तिची ओळख झालेली.

नोकरीच्या निमित्ताने मी ब्रिस्टलला राहायला आले तेव्हा इथल्या संगीताची माझी माहिती यथातथाच होती. भारतीय माणूस इथे आला की आधी आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी बघून येतो, मग क्लिफ्टनचा झुलता पूल, मग आपली कामं. सारा रेकॉर्ड्सचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसात, पन्नाशी ओलांडलेल्या एका सहकाऱ्याकडून. टेम्पल क्लाउड नावाचं एक गाव इथून दक्षिणेला आहे, वेल्स (Wells) नावाच्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाच्या नावात देऊळ आणि ढग दोन्ही आहेत म्हणून मला गंमत वाटली होती. तसं मी म्हणाले तर तो एकदम खुलला. म्हणाला, त्या नावाची रेकॉर्ड आहे माझ्याकडे, आणि कंपनीच्या कॅटलॉगमधला तिचा नंबर आहे ३७६. का? तर त्या गावाला जाणारी बस ३७६ नंबरची. हा कसला विक्षिप्तपणा, म्हणून मी चौकशी करत गेले आणि त्यातच अडकले.

क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स ही दोघं सुरुवातीला रेकॉर्डवाली नव्हती. दोघं आपापलं फॅनझीन काढायची. फॅनझीन म्हणजे आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांच्या जातीचा प्रकार, फक्त विषय गाणी: टाइप करायचं, कात्रणं चिकटवायची, झेरॉक्स काढायच्या, स्टेपल मारायच्या आणि एखाद्या बँडचा कार्यक्रम असेल तिथे दाराशी उभं राहून विकायच्या. मॅटच्या फॅनझीनचं नाव होतं ‘आर यू स्केअर्ड टू गेट हॅपी?’, क्लेअरच्या अंकाचं ‘क्वॅच’. अशा अंकांसोबत कधीकधी फ्लेक्सी मिळायची. फ्लेक्सी म्हणजे कागदासारखी लवणारी, पातळ प्लास्टिकची रेकॉर्ड. ती तबकडीवर घसरते म्हणून तिच्यावर एखादं नाणं ठेवून वाजवायची. आवाज यथातथा, पण निघायची स्वस्तात. मॅट ‘शा-ला-ला’ नावाने अशा फ्लेक्सी काढण्यात होता. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खरीखुरी रेकॉर्ड. १९८७च्या नोव्हेंबरात ब्रिस्टलमधल्या एका तळघरातल्या फ्लॅटमधून सारा रेकॉर्ड्सचा पहिला नंबर बाहेर पडला, ‘द सी अर्चिन्स’ नावाच्या बँडचं ‘प्रिस्टिन क्रिस्टीन’. रेकॉर्ड कंपन्यांची नावं तेव्हा कशी असायची पाहा: फॅक्टरी, क्रिएशन, रफ ट्रेड. सगळा कारखान्याचा आणि जगनिर्मितीचा थाट. त्यात हे एक साधं मुलीचं नाव. त्यावरून पुढे त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं, ते येईलच.

आता किमतीची गोष्ट.

ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये गाण्याचा धंदा चार्टवर चालायचा. आठवड्याला किती प्रती खपल्या त्यावर गाण्याचा नंबर, आणि नंबर वर गेला की रेडिओ, टीव्ही, सगळी दारं उघडी. मग मोठ्या कंपन्यांनी सोपी युक्ती काढली. एकच गाणं ‘सिंगल’ म्हणून सात इंचीवर काढायचं, तेच लांबवून आणि एक जास्तीचं गाणं घालून बारा इंचीवर काढायचं, तेच कॅसेटवर, तेच सीडीवर, तेच चित्र छापलेल्या रेकॉर्डवर, तेच ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून रंगीत प्लास्टिकमध्ये. ज्या पोराला तो बँड जिवापाड आवडतो तोच हे सगळं विकत घेणार, कारण न घेतलेल्या प्रकारात एखादं न ऐकलेलं गाणं राहून जाईल ही त्याला धास्ती. म्हणजे प्रेम जास्त त्याचा खिसा जास्त कापायचा. त्यानंतर सहा महिन्यांनी एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड, निघणार, आणि तिच्यात पुन्हा तीच सिंगल असणारच.

साराची भूमिका याच्या बरोब्बर उलट. सिंगल सात इंचीवर. सिंगलवरचं गाणं एलपीत पुन्हा घालायचं नाही, म्हणजे कुणाला एकाच गाण्याचे पैसे दोनदा मोजावे लागायला नकोत. मर्यादित आवृत्त्या नाहीत, रंगीत रेकॉर्ड्सचं आमिष नाही. संपली तर पुन्हा छापू. अट्टहास म्हणा हवं तर. क्लेअर आणि मॅट याला राजकारणच मानत होते आणि तसं उघड बोलायचेही. थॅचरबाईंचं राज्य होतं, बाजाराला जे परवडतं ते बरोबर असं देशाला शिकवणं चालू होतं, आणि ही दोघं तळघरात बसून म्हणत होती की रेकॉर्डचा आकार आणि तिची किंमत हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे. नियम त्यांनी कधी मोडले नाहीत असं नाही. ‘द फील्ड माइस’चं ‘मिसिंग द मून’ १९९१मध्ये बारा इंचीवर आलं, कारण ते लांबलचक नाचायचं गाणं सात इंचीवर चेपून बसवलं असतं तर आवाजाची पार रया गेली असती. मला हा अपवाद आवडतो.

हे वाचताना मला सांगलीतलं कॅसेटचं दुकान आठवत राहिलं. कॅसेट ‘भरून घ्यायची’ हा आमच्या पिढीचा शब्द, आता मुलांना समजावून सांगावा लागतो. कंपनीची छापील कॅसेट महाग, आणि त्यातली दोनच गाणी हवी असायची. मग कोरी कॅसेट घ्यायची आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून दुकानात द्यायची. चार दिवसांनी कॅसेट मिळायची. ए बाजूला बारीक अक्षरात बॉलपेनने लिहिलेली गाणी, बी बाजूला उरलेली. यादी संपली आणि टेप उरली की दुकानदार स्वतःच्या मनाने एखादं गाणं भरायचा. त्याची आवड तलत महमूद होती. आमच्या घरात तलत आला तो असा, आशा आणि किशोरच्या शेपटाला बांधून, बऱ्याचदा अर्ध्यात तुटलेला. त्यातून कलाकाराला एक पैसा मिळत नव्हता हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. चुलतभाऊ म्हणायचा, “आपण ऐकतोय, हेच त्यांच्यावर उपकार.” पण त्या दुकानात उभं राहून खिशातले पैसे मोजायचे आणि यादीतली दोन गाणी खोडायची, हे मी केलेलं आहे. म्हणून क्लेअर आणि मॅट यांचा हट्ट मला पुस्तकी वाटला नाही. ज्यांनी कधी यादी खोडली असेल त्यांनाच हे नियम सुचू शकतात.

गंमत अशी की हे दोघं रूक्ष तत्त्ववादी अजिबात नव्हते. त्यांच्या रेकॉर्ड हातात घेतल्या की खेळकरपणाच जास्त दिसतो. कव्हर म्हणजे एक छापील कागद, घरी बसून हाताने घडी घातलेला आणि पिशवीत सरकवलेला. मी बाजारात उचललेल्या त्या रेकॉर्डच्या घडीची कड जराशी तिरपी होती, एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर कागद जास्त. कुणीतरी रात्री उशिरा, शंभराव्या की दोनशेव्या घडीला कंटाळून घातलेली ती घडी. आत पोस्टकार्ड किंवा एखादी चिठ्ठी असायची. मध्यभागी गोल लेबलावर ब्रिस्टलच्या जागांचे फोटो. कॅटलॉगमधला नंबर फक्त रेकॉर्डलाच मिळायचा असंही नाही. नंबर ४ हे चक्क एक फॅनझीन होतं. नंबर ५० हा ‘सारोपोली’ नावाचा पटावरचा खेळ. रेकॉर्ड कंपनीचा पन्नासावा नंबर ही दुसऱ्या कुणी जाहिरातीची पर्वणी केली असती. यांनी फासे टाकायला लावले.

आणि पत्रं. देशोदेशीची मुलं त्यांना पत्रं लिहायची, पैसे पाकिटात घालून रेकॉर्ड मागवायची, आणि उत्तरं हाताने लिहिलेली यायची. यातूनच जग जोडलं गेलं. सिडनीचा ‘ईव्हन अ‍ॅज वी स्पीक’, मेलबर्नचा ‘द शुगरग्लायडर्स’, न्यूयॉर्कमध्ये घरी एकट्याने गाणी ध्वनिमुद्रित करणारा ‘ईस्ट रिव्हर पाइप’, कॅलिफोर्नियाचा ‘अ‍ॅबरडीन’ हे सगळे ब्रिस्टलच्या त्या टपाल-पेटीपाशी येऊन पोचले. ग्लासगोचे ‘द ऑर्किड्स’ तर दुसऱ्या नंबरपासून होते. इंटरनेटआधीच्या काळात पाकिटावर तिकीट चिकटवून जगाच्या टोकाला मित्र करता येत होते, हे आज लिहिताना खोटं वाटावं.

आता गाण्यांबद्दल खरं सांगायचं तर सगळी चांगली नाहीत.

काही गाणी ऐकताना वाटतं की गायकाला कुणीतरी दोन दिवस आधी गाणं शिकवायला हवं होतं. गिटार सुरात आहे की नाही याची त्यांनाही खात्री नाही, ड्रम खोक्यातून वाजल्यासारखे, आणि शब्द असे की सोळाव्या वर्षी लिहिलेली वही कुणी हातात ठेवावी. ‘ती मला सोडून गेली आणि पाऊस पडतोय’ याच्या पलीकडे न जाणारी गाणी तर ढिगाने. आपल्याकडच्या भावगीतांवर वाढलेल्या कानांना त्यातला काही रडवेपणा ओळखीचाही वाटतो. पण मग मध्येच असं काहीतरी येतं की हातातलं काम थांबतं. ‘द फील्ड माइस’ हा दक्षिण लंडनच्या दोन मित्रांनी, बॉबी रॅटन आणि मायकल हिस्कॉक यांनी, सुरू केलेला बँड. त्यांचं १९८९मधलं ‘सेन्सिटिव्ह’ मी पहिल्यांदा ऐकलं ते बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. हळवं असणं हा काही गुन्हा नाही एवढंच ते गाणं म्हणतं. शब्दांतून फार नाही म्हणत, पण शेवटी गिटार्सचा असा काही गलबला उठतो, की हा हळवेपणा चांगला दातओठ खाऊन आलेला आहे हे कळतं. बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी त्या वर्षीच्या आवडत्या पन्नास गाण्यांत ते निवडलं होतं. याच बँडचं ‘लेट्स किस अँड मेक अप’ पुढच्याच वर्षी ‘सेंट एटिएन’ या दुसऱ्या बँडने आपल्या ढंगात केलं, आणि तो बँड पुढे नावारूपाला आला. फील्ड माइसचं काय झालं? १९९१च्या हिवाळ्यात, दौऱ्यावर असतानाच फुटले. साराच्या एकाही सिंगलने ब्रिटनच्या टॉप ४०चं तोंड पाहिलं नाही.

संगीताच्या साप्ताहिकांनी त्यांची टिंगल केली. काहींनी कौतुकही केलं, पण टिंगलच जास्त लक्षात राहिली. मुळमुळीत, रडूबाई, शाळकरी, बायकी. ही विशेषणं एका ओळीत लिहिली की त्यांचा उगम लपत नाही. मुलींना गप्प करायला वापरतात तेच सगळे शब्द, फक्त इथे ते गिटार वाजवणाऱ्या मुलग्यांनाही लागले. क्लेअर वॅड हे पुढेही पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. दोघं मिळून कंपनी चालवत होते, तरी फोन करणाऱ्यांना मॅटशीच बोलायचं असायचं, कंपनी त्याची आणि ही मदतीला आहे असं गृहीत धरलेलं. माझ्या ऑफिसात मीटिंगला मी प्रश्न विचारते आणि उत्तर शेजारच्या पुरुषाकडे बघून दिलं जातं, क्लेअरच्या त्या अनुभवाला आता तीस-पस्तीस वर्षं उलटून गेली तरी काय फरक पडलाय? असो. रेकॉर्ड खपावी म्हणून कव्हरवर सुंदर मुलीचा फोटो टाकायचा नाही हाही त्यांचा एक नियम होता. म्हणजे ‘सारा’ नावाच्या कंपनीच्या मालावर विकाऊ सारा कुठेच नव्हती.

या टिंगलीला सगळ्यात देखणं उत्तर ‘हेवनली’ने दिलं असं माझं मत आहे. ऑक्सफर्डचा बँड, गायिका अमेलिया फ्लेचर. चाल उड्या मारणारी, आवाज गोड, वरवर ऐकाल तर सहलीच्या बसमध्ये म्हणायचं गाणं. १९९३मध्ये त्यांची ‘पी.यू.एन.के. गर्ल’ ही रेकॉर्ड आली, तिच्यावर ‘हार्ट्स अँड क्रॉसेस’ नावाचं गाणं आहे. एका मुलीला एक मुलगा आवडतो, ती स्वप्नं रंगवते, दोघं भेटतात, आणि तो तिच्यावर बलात्कार करतो. चाल तीच, टुणटुणीत. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मान हलवत भांडी लावत होते. हात तसाच राहिला. गोडपणा हा दोष आहे म्हणणाऱ्यांना त्या बाईंनी त्याच गोडपणातून असा चिमटा काढला आहे की तो विसरता येत नाही. या अमेलिया फ्लेचर पुढे अर्थतज्ज्ञ झाल्या, ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगमध्ये मुख्य अर्थतज्ज्ञ होत्या. बाजारात स्पर्धा नीट होते आहे का, ग्राहकाला कुणी लुबाडत तर नाही ना, हे बघणारं ते सरकारी खातं होतं. एका गाण्याचे पैसे दोनदा घेऊ नका म्हणणाऱ्या कंपनीची गायिका तिथे जाऊन बसली, यावर मी एकटीच बराच वेळ हसले.

याच वर्षांत याच शहरात दुसरंच काही शिजत होतं हेही सांगायला हवं. मॅसिव्ह अटॅक या बँडचा ‘ब्लू लाइन्स’ हा अल्बम १९९१चा, पोर्टिसहेडचा ‘डमी’ १९९४चा. जगाच्या नकाशावर ब्रिस्टलचं संगीत म्हणजे ते: संथ, जड, धुरकट, कॅरिबियन वस्त्यांमधल्या साउंड सिस्टिमवर पोसलेलं. साराचे बहुतेक बँड तर ब्रिस्टलचे नव्हतेच. मग ब्रिस्टलशी त्यांचं नातं काय? ते मला त्यांनी वेगवेगळ्या बँडची गाणी एकत्र करून काढलेल्या संग्रहांच्या नावांत दिसतं. ‘टेम्पल क्लाउड’, ‘एअर बलून रोड’, ‘जेल फेरी ब्रिज’, ‘बॅटरी पॉइंट’. ही सगळी इथली आणि आसपासची ठिकाणं, आणि त्यांतली बरीचशी अशी की पर्यटक तिथे वाट चुकूनच पोचेल. तुरुंगाजवळचा पायपूल, एक चढाचा रस्ता, एक बसथांबा. सिंगल्सच्या १ ते १०० या ओळीपासून हे संग्रह आणि एलपी वेगळे, त्यांचे नंबर निराळे. दूर ओसाकात किंवा ओहायोत बसलेल्या कुणा पोराच्या कपाटात आमच्या बसचा नंबर आहे आणि त्याला त्याचा अर्थ माहीत नाही. मी आता जाताना ती बस दिसली की सवयीने नंबर वाचते.

मग आलं १९९५.

त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला दुसरं काही सुचत नव्हतं. १४ ऑगस्टला ब्लर आणि ओएसिस या दोन बँड्सच्या सिंगल्स एकाच दिवशी बाजारात आल्या आणि कोण जिंकणार हे टीव्हीच्या बातम्यांत सांगत होते. ब्लर जिंकले. त्यांच्या त्या एका गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढलेल्या होत्या, हे सांगून पुढे जाते. ज्या छोट्या कंपन्यांकडे बघून साराने सुरुवात केली त्यांची अवस्था तोवर काय झाली होती? मँचेस्टरची फॅक्टरी १९९२मध्ये दिवाळखोरीत गेली. क्रिएशनने त्याच वर्षी जवळजवळ निम्मा हिस्सा सोनीला विकला. रफ ट्रेडचं वितरणाचं जाळं १९९१मध्येच कोसळलं होतं आणि त्याखाली कित्येक जण गाडले गेले. म्हणजे संपायचे दोन रस्ते सगळ्यांना ठाऊक होते, बुडायचं किंवा विकायचं. साराने तिसरा काढला. शंभरावा नंबर म्हणून एक संग्रह काढला, त्याला ‘देअर अँड बॅक अगेन लेन’ हे ब्रिस्टलच्या एका छोट्याशा बोळाचं नाव दिलं, आणि कंपनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. ना कर्ज, ना भांडण. साप्ताहिकांमध्ये जाहिरात दिली, मथळा होता ‘अ डे फॉर डिस्ट्रॉइंग थिंग्ज’. मजकुराचा आशय असा की ही कंपनी आमची आहे, ती उभी करणं आमच्या हातात होतं तसं मोडणंही, आणि वन्स मोअरला आम्ही परत येत नाही. विकण्यासाठी काहीही नसलेली ती जाहिरात पैसे मोजून छापलेली होती. २८ ऑगस्टला, बँक हॉलिडेच्या सोमवारी, ‘थेक्ला’वर निरोपाचा कार्यक्रम झाला. थेक्ला म्हणजे इथल्या बंदरात कायमचं नांगरलेलं जुनं मालवाहू जहाज, ज्याच्या पोटात आता गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. मी तिथे एकदा दुसऱ्याच कुणाला ऐकायला गेले होते. लोखंडी भिंतींना घाम सुटतो, पायाखाली बास थरथरतो आणि बिअर सांडून चिकट झालेल्या जमिनीवरून चप्पल उचलताना च्यक असा आवाज येतो.

असं थांबणं मला मोहात पाडतं, आणि त्याचा थोडा संशयही येतो. आपल्या आजूबाजूला काय थांबतं? मंडळं चालूच राहतात, दिवाळी अंक चालूच राहतात, संपादक गेले तरी नाव राहतं, अध्यक्ष खुर्चीतच म्हातारे होतात. वर्धापनदिन म्हणजे आपल्याला कर्तृत्वच वाटतं. त्यामुळे चालू असलेली गोष्ट हसत बंद करणारी दोन तरुण माणसं पाहिली की टाळी वाजवावीशी वाटते. पण जे बँड त्या घरावर विसंबून होते त्यांचं काय? कंपनी तुमची, हे खरं. पण सात-आठ वर्षं पत्रं लिहिणाऱ्या, पैसे पाठवणाऱ्या पोरांची ती थोडीदेखील नव्हती का? आणि शंभर या आकड्याचा सोस, तो पूर्णविरामाचा दिमाख, यात थोडी स्वतःच्या मूर्तीला शेंदूर फासण्याची हौस नाही असं कसं म्हणू? मॅट हेन्सने लगेच पुढच्या वर्षी ‘शिंकान्सेन’ नावाने लंडनहून नवी कंपनी सुरू केली आणि बॉबी रॅटनचा नवा बँड तिच्यावर आला. म्हणजे गाणी काढायची खोड काही गेली नव्हती.

आणि खरा घोळ त्या थांबण्यातच आहे, असं मला आता वाटतं. साराने आयुष्यभर ‘मर्यादित आवृत्ती’ या प्रकाराचा तिटकारा केला. पण शंभरावर रेघ ओढली आणि सबंध कंपनीचीच एक मर्यादित आवृत्ती झाली. एक ते शंभर. संग्रह करणाऱ्या माणसाला याहून गोड आकडा कुठला? चालू राहिली असती, दोनशे-तीनशे निघाल्या असत्या, पडेल बँड आले असते, जुनी गाणी पुन्हा पुन्हा छापली गेली असती, तर बाजारात ती रेकॉर्ड आज दोन-चार पौंडांना खोक्यात लोळत पडली असती आणि त्या पोराने ती घरी नेली असती. आता सत्त्याण्णव गोळा झालेत आणि तीन राहिलेत, असे लोक आहेत, आणि पिशवीतून बाहेर न काढण्याचा सल्ला देणारेही आहेत. बाजाराला नाही म्हणण्याची इतकी जय्यत तयारी केली, आणि त्या नाही म्हणण्यालाच बाजाराने भाव लावला. यात क्लेअर आणि मॅट यांनी वेगळं काय करायला हवं होतं, ते मला सांगता येणार नाही. मोफत वाटल्या असत्या तरी आज त्या आणखी महाग असत्या. २०१४मध्ये इथल्या आर्नोल्फिनी कलादालनात साराचं प्रदर्शनही झालं. ज्या गोष्टी मोडायच्या म्हणून मोडल्या त्या शेवटी दालनात मांडल्या गेल्या. कंपनीवर पुस्तक आहे, माहितीपट आहे. हे सगळं चांगलंच आहे, मीही त्यातूनच शिकले, तरी काचेपलीकडे ठेवलेल्या फॅनझीनकडे बघताना माणूस थोडा खजील होतोच.

हे सगळं ऐकून पुण्याच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, “ते जाऊ दे, ऐकायला सुरुवात कुठून करू?” सगळं ऐकू नकोस, असं सांगितलं. ‘सेन्सिटिव्ह’पासून सुरू कर, इअरफोन लावून, आणि शेवटची दोन मिनिटं आवाज कमी करू नकोस. मग ‘मिसिंग द मून’. मग ‘ब्लूबॉय’ची शांत गाणी, ती रात्रीची. ‘अनदर सनी डे’चं ‘यू शुड ऑल बी मर्डर्ड’ नाव बघून घाबरू नकोस, कॉर्नवॉलच्या टोकाच्या एका पोराचा तो नुसता त्रागा आहे. ‘हेवनली’ मात्र स्वयंपाक करताना लावू नकोस. आता सगळं फुकटात मोबाइलवर मिळतं, तेव्हा दोन गाणी खोडायची काही गरज नाही. ती म्हणाली, “यादी व्हॉट्सअ‍ॅप कर.” मी यादी केली, आणि शेवटी न मागितलेलं एक तलतचं गाणं जोडून दिलं.